पुढच्या खोलीतली शेकोटी

मंगळवार, १ नोव्हेंबर २०१६

जॅनिसच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. पोटची पोर आहे, मला कळतं. आज आली ती हसत हसत. पिशवीतून साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी काढली आणि विचारणं नाही, सवरणं नाही, थेट पुढच्या खोलीत जाऊन फळीवर ठेवून दिली. शेकोटीच्या बरोब्बर समोर.

"आई, ही राहू दे इथं. विषारी वायू झाला तर ओरडेल."

विषारी वायू! माझ्या घरात! सदतीस वर्षं ही गॅसची शेकोटी त्या भिंतीत बसलेली आहे. जुनी कोळशाची चूल काढून तिच्या जागी नवऱ्याने, रेजने, हौसेने आणलेली. अख्ख्या हॅलिफॅक्समध्ये आमच्यासारखी ऊबदार खोली नव्हती. रेज जाऊन पाच वर्षं झाली, ती अजून पेटते आहे.

डबीवर हिरवा दिवा लुकलुकतो. नुसता वायूच हुंगते की आणखी काही ऐकते, कोण जाणे.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

डबी कोकलली! दुपारी चहा घेत होते. कानठळ्या बसल्या. पाठ उघडून सेल काढले आणि तिला स्वयंपाकघरातल्या खणात पुसण्यांच्या खाली कोंबली. आता कोकल म्हणावं.

शनिवार, ५ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार. त्यात बाहेर संध्याकाळपासून पाच नोव्हेंबरचे फटाके, दर वर्षीसारखे. लवकर निजते.

सोमवार, ७ नोव्हेंबर

जॅनिसने पुसणं हवं म्हणून खण उघडला. झालं!

"आई! ही इथं काय करतेय?"

"कोकलत होती."

"कोकलायलाच ठेवली होती ना! किती वेळ कोकलली? तू तेव्हा काय केलंस? खिडकी तरी उघडलीस?"

"नोव्हेंबरात? वेड लागलंय का मला?"

मग ती शेकोटीपुढे गुडघे टेकून बसली. ज्योत निळी हवी, पिवळी का आहे? भिंतीला काजळी का धरली आहे? मी म्हटलं, काजळी नाही, सावली आहे. तिने बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. काळं. बरं, असेल थोडी.

"डोकं दुखतं का तुझं?"

"नाही," म्हटलं मी. तिला कशाला सांगू?

जाताना टेबलावर एक चकचकीत पुस्तिका राहिली. राहिली की ठेवली? म्हाताऱ्यांसाठी सदनिका. हसऱ्या म्हाताऱ्या, लाल बटणं, लिफ्ट. आत्ता लक्षात आलं सगळं! आधी शेकोटी वाईट. मग जिना वाईट. मग घरच वाईट. घर विकायचं आहे हिला.

बुधवार, ९ नोव्हेंबर

जॅनिसचा फोन. शुक्रवारी दहाला गॅसवाला येतोय, तोवर शेकोटी पेटवायची नाही. पेटवली नाही. अंगावर दोन स्वेटर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. डोकं काही दुखलं नाही आज. योगायोग.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

गॅसवाला म्हणून बाई आली!

दार उघडलं तर उंचीने बेताची, तिशीपस्तिशीची, केसांना रुमाल, हातात अवजारांची पेटी. मला वाटलं धर्मप्रचाराला आली. "मिसेस बॅरक्लफ? मी गेल हॉयल. शेकोटी बघायला आलेय." गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. मी ते घेऊन खिडकीशी गेले, फोटो पाहिला, तिचं तोंड पाहिलं, मागची बाजू वाचली, तिथला नंबर फिरवून खात्री केली. ती थंडीत पायरीवर उभी. वैतागली नाही. "बरोबर केलंत," म्हणाली. "सगळ्यांनी असंच करायला हवं." गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांची मला जास्त भीती.

जॅनिस होतीच. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ओळख दिसते! विचारलं, तर म्हणे आत्ताच भेटतोय.

गेलने बुटांवर पिशव्या चढवल्या, चादर अंथरली. मी खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, करा काय करायचं ते. मी इथंच आहे.

"तुम्ही असलात तर बरंच," म्हणाली. "दाखवते सगळं."

आधी खिडकी उघडली, मग शेकोटी पेटवली, थोडी तापू दिली. मग काडेपेटीतल्या काडीसारखी एक काडी पेटवली. तिचा नुसता पांढरा धूर होतो. ती शेकोटीच्या वरच्या कडेपाशी धरली. "हा धूर आत, धुराड्यात ओढला गेला पाहिजे. बघा हं."

धूर आत गेला नाही. कडेवरून मागे वळला आणि सरळ खोलीत, माझ्या अंगावर आला.

"तुम्ही फुंकर मारलीत," मी म्हटलं.

"आई!" जॅनिस.

"मग तुम्हीच धरा," गेल म्हणाली, आणि दुसरी काडी पेटवून माझ्या हातात दिली. मी श्वास रोखून धरली. धूर पुन्हा माझ्याकडेच आला. तिसऱ्यांदासुद्धा. मग काडी तिला परत दिली.

"तुम्ही रोज इथं किती वेळ बसता?"

"हिवाळ्यात? सकाळपासून झोपेपर्यंत."

"दार लावून?"

"ऊब बाहेर कशाला घालवू?"

तिने जॅनिसकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहिलं. "मिसेस बॅरक्लफ, ही शेकोटी मी पुन्हा सुरू करू शकत नाही. दुरुस्त होणारी नाही ही. आणि मी तुम्हाला दुसरी विकणारही नाही. माझ्याकडे विकायला काही नाहीच. विजेचा हीटर घ्या, कुठूनही घ्या."

मी याच वाक्याची वाट बघत होते की ही नवी गळ्यात मारणार! आणि ती मारेना. मग हिला मिळणार काय? त्याने उलट संशय वाढला.

शेकोटी काढायला तिने माझी परवानगी मागितली. कागद पुढे केला. पण मी वाचायच्या आधीच जॅनिस म्हणाली, "आई, माझ्यासाठी." पोरीच्या डोळ्यांत पाणी. मग मी हो म्हटलं.

गेलने जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन गॅस बंद केला. बाजूची नळी सोडवली. मग दोघींनी धरून शेकोटी भिंतीपासून पुढे ओढली. सदतीस वर्षांत मी तिची पाठ पाहिली नव्हती. मागे पत्रा लावलेला, कडेच्या पट्ट्या सुटलेल्या. पत्रा काढला आणि भसकन काटक्या, काजळी, चुन्याचे पोपडे असं काय काय खाली आलं. आणि एक वाळलेला कावळ्यासारखा पक्षी. जॅनिस किंचाळली. धुराडं पार वरपर्यंत घरट्यांनी बुजलं होतं.

गेल हातमोजे घालून तो ढीग उपसत होती. मध्येच थांबली. पत्र्याच्या मागे, विटेच्या खाचेत खोचलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. दोरा लावलेली. मळकी तांबडी. तिने फुंकली, उजेडात धरली.

"ही आमच्याच धंद्यातली आहे. धोका, वापरू नका, म्हणून बांधतात ती. तारीख बघा. एकोणतीस जानेवारी एक्याण्णव."

"म्हणजे काय?" जॅनिस.

"म्हणजे तेव्हाही ही कुणीतरी धोक्याची म्हणून बंद केली होती. खाली घरातल्या माणसाची सही घेतलेली आहे." तिने अंगठ्याने पुसायला पाहिलं, काजळी आणखी पसरली. "पहिलं अक्षर दिसत नाही. पुढे बॅरक्लफ आहे. मग नंतर कुणीतरी तोटी उघडून परत सुरू केली."

जॅनिस म्हणाली, "बाबा असतील." मी म्हटलं, "दे ती इकडे," आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

बाकीचं मला नीट आठवत नाही. तिने नळीच्या तोंडावर पितळी टोपण घट्ट बसवलं. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही. मीटरला पाण्याची काचनळी जोडून घड्याळ लावून बसली. पाणी हललं नाही. "गॅस आता कुठूनही गळत नाही." स्वयंपाकाचा गॅस पेटवून दाखवला. कागद दिला. चहा विचारला तर घेतला, दोन साखर. जाताना म्हणाली, "तुम्ही नशीबवान आहात, मिसेस बॅरक्लफ."

सासूबाई एक्याण्णवच्या फेब्रुवारीत गेल्या. त्या खोलीत.

शनिवार, १२ नोव्हेंबर

भिंतीत काळं भोक. जॅनिसने विजेचा हीटर आणून ठेवला आहे. ऊब आहे, पण बघायला काही नाही.

मी हिशोब जुळवत बसले आहे. चिठ्ठी एकोणतीस जानेवारीची. सासूबाई गेल्या बारा फेब्रुवारीला. मध्ये चौदा दिवस.

तेव्हा त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या. जिना चढवेना म्हणून पुढच्या खोलीत त्यांचा पलंग लावलेला. त्या फेब्रुवारीत बर्फ पडलं होतं, बसगाड्या बंद होत्या. त्या दार लावून घेत. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा उठल्या नाहीत. गाल गुलाबी होते. मला वाटलं किती छान झोपल्या आहेत. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, वय झालं होतं. आम्ही मान डोलावली. आता गेलच्या कागदावर वाचते आहे: या वायूने माणूस गेला की कातडी गुलाबी दिसते.

गाल गुलाबी होते.

रविवार, १३ नोव्हेंबर

रेज. रेजच.

आठवायला लागलं की थांबत नाही. सासूबाईंना पुरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने धुराडं साफ करायला माणूस आणला. मी म्हटलं, अरे, आज? फुलं अजून सुकली नाहीत! तर म्हणाला, "आजच." मला वाटलं दुःखाने असं करतोय. आणि मग दर वर्षी, न चुकता, सप्टेंबरात माणूस बोलवायचा, शेकोटी तपासायचा. तो गेल्यावर मी बोलवला नाही. मला वाटायचं ते त्याचं खूळ.

खूळ नव्हतं. भीती होती.

त्याला माहीत होतं. सही केली, आणि मग आईला थंडी वाजते म्हणून, की माणूस बोलवायचा कंटाळा म्हणून, तोटी उघडली. बसच्या आगारात मेकॅनिक होता, त्याला काय अवघड? आणि बाईचा जीव गेला. आणि वीस वर्षं माझ्याशेजारी निजला आणि एक अक्षर बोलला नाही!

बुधवार, १६ नोव्हेंबर

खुंटीवरचा त्याचा कोट काढला आणि जुने कपडे विकणाऱ्या दान-दुकानात देऊन आले. पाच वर्षं तिथंच टांगलेला होता. दुकानातली पोरगी म्हणाली, "छान आहे हो, जपलेला दिसतोय."  परत येताना बस चुकली.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

जॅनिस मटण भरून भाजलेली पाई घेऊन आली. चिठ्ठीचं विचारलं. मी म्हटलं फेकली. बापाबद्दल तिला काय सांगू? त्याचा जीव की प्राण होती ती.

रागात तीच पुस्तिका तिच्यापुढे आपटली. "ही माझ्यासाठीच आणलीस ना?"

"हो, तुझ्यासाठीच. मग? माझ्या मनात येतं. भीती वाटते मला. त्या दिवशी तर ओरडणारी डबी खणात कोंबलीस. घर विकून टाकते असं कुठं म्हटलंय?"

सरळ उत्तर दिलं.  पाई संपवली दोघींनी. हिच्याबद्दल चुकलेच मी.

शनिवार, १९ नोव्हेंबर

राहवेना. मार्जरीला फोन केला. रेजची धाकटी बहीण, स्कारबरोला एकटी राहते. एक्क्याऐंशीची. नाताळला कार्ड पाठवते, दोन ओळींचं. आईला पुरल्यापासून या घराची पायरी चढलेली नाही. रेजच्या वेळीसुद्धा स्मशानातून परस्पर स्टेशनवर गेली. मी काय समजायचं ते समजले होते: मी तिच्या आईची नीट बडदास्त ठेवली नाही, म्हणून राग. पंचवीस वर्षं हा ठपका मुकाट सोसला. आणि दोष कुणाचा? तिच्या लाडक्या भावाचा! आज सुनावायचंच ठरवलं.

म्हटलं, "शेकोटी काढली, मार्जरी. मागे काहीतरी सापडलं."

ती म्हणाली, "तांबडी चिठ्ठी?"

 मी चिठ्ठी म्हटलंच नव्हतं. रंग तर नाहीच!

"तुला कसं ठाऊक? रेजने सांगितलं? दोघांनी मिळून लपवलंत? तुझ्या भावाने आईला—"

"थेल्मा," ती मध्येच म्हणाली, "तू ती नीट वाचलीस का?"

"वाचली! सही आहे त्याची!"

"नीट वाच," म्हणाली. आणि फोन ठेवला.

बघा! भाऊ मेला तरी पाठीशी घालते.

रविवार, २० नोव्हेंबर

सकाळी चिठ्ठी घेऊन खिडकीशी बसले. पावाच्या मऊ गोळ्याने हलके हलके पुसलं, भिंतीचा कागद पुसतात तसं. काजळी निघाली.

आर नाही. टी आहे. टी. बॅरक्लफ. टीची आडवी रेघ शेवटी वर उचललेली. शाळेत त्यावरून बाई मला ओरडायच्या.

तासभर काही आठवलं नाही. मग आठवलं. कधी विसरले होते तेही आठवेना.

गॅसचा माणूस आला होता. मला शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर जायला उशीर होत होता, एक हात कोटात होता. तो काहीतरी बोलत होता: धुराडं, साफ करून घ्या, तोवर. मी हो हो म्हणत होते. त्याने कागद लावलेली पाटी पुढे केली, मी सही केली आणि पळाले. संध्याकाळी आले तर सासूबाई कोट घालून, टोपी घालून खुर्चीत बसलेल्या. ओठ निळे. "थेल्मा, पेटत नाहीये गं." रेज आगारात, थंडीत गाड्या बंद पडत म्हणून डबल पाळी. मी वाकून पाहिलं. तोटी बंद. म्हटलं, मेला उघडायची विसरला. रेजचा पेचकस घेतला, फिरवली, पेटवली. दोऱ्याला कसलीशी चिठ्ठी लोंबत होती. शेकेल म्हणून मागे सारली.

त्या म्हणाल्या, "देव तुझं भलं करो."

एवढंच. दोन मिनिटांचं काम. रेजला सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात?

जेवले नाही. कोट आणायला उद्या दुकान उघडं असेल का?

सोमवार, २१ नोव्हेंबर

कोट विकला गेला.

मार्जरीला फोन केला. म्हटलं, "सही माझी आहे."

"माहीत आहे. आईला पुरलं त्या दिवशी रेज शेकोटी बंद करायला वाकला, तेव्हा चिठ्ठी हाताला लागली त्याच्या. मला अंगणात नेऊन दाखवली. मी म्हटलं जाळ. त्याला धीर होईना, परत तिथंच खोचली. म्हणाला, थेल्माला कळता कामा नये, ती जगायची नाही. माझ्याकडून शब्द घेतला. म्हणून मी आले नाही गं तुझ्याकडे. तुझं तोंड पाहिलं असतं तर बोलून गेले असते."

 मग मी विचारलं, "आता येशील?"

उद्या अकराच्या गाडीने येते म्हणाली.